संगणक शिकताना: पाटी, वही आणि तीन मुरुड

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी एक वही जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे: "१) भिंतीवरचे बटण. २) डब्याचे बटण. ३) पडद्याचे बटण. ४) गडबड न करता थांबणे." पुढची चाळीसेक पाने अशाच सूचनांनी भरलेली आहेत. बाण कोणत्या चित्रावर न्यायचा, मग वरून कितवी ओळ, मग कोणता शब्द. २००६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक मिळून गावातल्या संगणकवर्गाला जात होतो, तेव्हाची ही वही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम थोड्याच वर्षांत खेड्यापाड्यांत पोचला. परीक्षा मुदतीत दिली नाही तर वेतनवाढ अडकेल, अशी धास्ती स्टाफरूममध्ये होतीच. तेव्हा शिकण्याची हौस किती आणि धास्ती किती, याचा हिशेब न केलेला बरा.

बाई उत्तीर्ण झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा शाळेतल्या संगणकाच्या पडद्यावरची चित्रे कोणीतरी इकडची तिकडे करून ठेवली होती. डाव्या कोपऱ्यातले तिसरे चित्र आता डाव्या कोपऱ्यात नव्हते. चाळीस पानांची वही एका सकाळीत निकामी झाली.

पाढे पाठ करू नका, समजून घ्या, असे आपण मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतः शिकायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी घोकंपट्टीच केली. संगणक शिकवणाऱ्या तरुण मुलांचाही त्यात दोष नव्हता, कारण त्यांनाही तसेच शिकवलेले होते. 'हे दाबा, मग ते दाबा' या पद्धतीने काम होते, पण चित्र जागचे हलले की माणूस पुन्हा निरक्षर. या लेखात आम्ही कोणते बटण कुठे आहे हे सांगणार नाही. बटणे दर दोन वर्षांनी बदलतात. ज्या तीन-चार गोष्टी गेल्या चाळीस वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत आणि ज्या कळल्यावर आमची भीती गेली, तेवढ्याच सांगतो.

काचेवरचा उंदीर

पहिल्या दिवशीची फजिती माउसची. आमचा संगणक मुख्याध्यापकांच्या टेबलावर बसवला होता. टेबलावर जाड काच, काचेखाली शाळेचे जुने गटफोटो आणि एक वेळापत्रक. माउस हलवला की पडद्यावरचा बाण एक तर जागचा हलत नसे, नाही तर भलतीकडे उडी मारत असे. बाजूला उभा असलेला आठवीतला मुलगा म्हणाला, "सर, ह्यो बाण कुठं जालालाय?" माउस बिघडला म्हणून परत पाठवायची तयारी झाली होती. तेवढ्यात कोणीतरी कुंकू आणि शाईचे डाग पडलेला एक जुना रजिस्टरचा कागद त्याच्याखाली सरकवला आणि माउस सुतासारखा सरळ चालू लागला.

कारण साधे आहे. प्रकाशावर चालणाऱ्या माउसच्या पोटात एक अगदी छोटा कॅमेरा असतो. त्याच्या शेजारचा दिवा खालच्या पृष्ठभागावर तिरपा उजेड टाकतो आणि कॅमेरा सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो. एका चित्रातला बारीकसा खडबडीतपणा पुढच्या चित्रात किती सरकला, यावरून माउस कोणत्या दिशेला किती हलला हे आतली चकती काढते. कागद आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण कॅमेऱ्याला त्याचे तंतू दिसतात. स्वच्छ काचेवर त्याला पाहण्यासारखे काहीच नसते आणि काचेखालचा गटफोटो त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर पडतो.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. माउसला आपण टेबलावर कुठे आहोत हे ठाऊक नसते. 'किती सरकलो' एवढेच तो सांगतो. आमचे एक गुरुजी बाण पडद्याच्या उजव्या टोकाला न्यायचा म्हणून माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत गेले आणि मग संकोचून म्हणाले, "आता टेबलच संपलं." माउस उचलून परत मध्ये ठेवला तरी चालते, कारण उचलल्यावर कॅमेऱ्याला पृष्ठभाग स्पष्ट दिसत नाही आणि बाण जिथल्या तिथे थांबतो. हे कोणी सांगितलेले नसते. ज्याला येते त्याला ते सांगण्यासारखे वाटत नाही आणि ज्याला येत नाही त्याला विचारायची लाज वाटते.

तिसरी अडचण दोनदा टिचकी मारण्याची. विंडोजमध्ये मुळात अशी योजना असते की दोन टिचक्या अर्ध्या सेकंदाच्या आत पडल्या आणि मध्ये बाण फारसा हलला नाही, तरच ती दुहेरी टिचकी. पन्नाशी ओलांडलेल्या हाताकडून टिचकीबरोबर माउसही किंचित सरकतो. मग संगणकाला त्या दोन वेगवेगळ्या टिचक्या वाटतात आणि फाइल उघडण्याऐवजी तिचे नाव बदलण्याची चौकट उघडते. यावर उपाय दोन. माउसच्या सेटिंगमध्ये हा वेळ वाढवता येतो. किंवा एकदाच टिचकी मारून फाइल निवडावी आणि एंटरची कळ दाबावी. आमच्या बाई आजही दुसरा उपाय वापरतात आणि आमच्या मते तोच बरा.

माउसचा पहिला जाहीर प्रयोग अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये केला. सामान्य लोकांच्या हाती तो पडायला पुढे पंधरा-वीस वर्षे गेली. १९९० च्या विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ येत असे. लोकांनी खेळता खेळता पाने ओढून टाकायला, म्हणजेच माउसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायला शिकावे, हाही त्यामागे एक हेतू होता असे सांगतात. संगणकवर्गात पत्ते खेळणाऱ्या शिक्षकांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पाटी आणि वही

आता मुख्य गोष्ट. ही जर पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती, तर एक मोठा अनर्थ टळला असता.

त्याच वर्षी सहामाही परीक्षेनंतर बाईंनी नववीच्या दोन तुकड्यांचे गुण संगणकावर चढवायला घेतले. एका बोटाने टाइप करत तीन तास बसल्या. शेवटची पाच-सहा नावे राहिली असताना वीज गेली. त्या काळात मराठवाड्यातल्या खेड्यांत भारनियमन तासन्‌तास चाले. वीज कधी जाणार याचे वेळापत्रक असे, पण ते पाळण्याचे बंधन विजेवर नसे. वीज आल्यावर संगणक सुरू केला, तर पडदा कोरा. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कागदी तक्ता काढला आणि निळ्या शाईने पुन्हा पहिल्या नावापासून लिहायला घेतले. पुढचे चार महिने त्यांनी संगणकाला हात लावला नाही.

संगणकात लिहायच्या जागा दोन. एक पाटी आणि एक वही. आपण टाइप करतो ते आधी पाटीवर उमटते. तिला रॅम म्हणतात. 'सेव्ह' म्हटले की पाटीवरचा मजकूर वहीत उतरतो. ही वही म्हणजे डिस्क. पाटीवर लिहिणे आणि पुसणे फार वेगाने होते, म्हणून सगळे काम पाटीवर चालते. पण वीज गेली की पाटी पुसली जाते.

ती पुसली का जाते, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. रॅममधला प्रत्येक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, एका अतिसूक्ष्म धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठवलेला असतो. त्यात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हे धारित्र इतके लहान असते की त्यातला भार सतत गळत राहतो. तळाला बारीक चीर गेलेला माठ डोळ्यांपुढे आणा. माठ भरलेला दिसावा असे वाटत असेल तर कोणीतरी तो रिता होण्याआधी पुन्हा भरत राहिले पाहिजे. संगणक नेमके हेच करतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, रॅममधला प्रत्येक भरलेला माठ तपासून पुन्हा काठोकाठ भरला जातो. वीज गेली की भरणारा थांबतो आणि काही क्षणांत सगळे माठ सारखेच रिकामे होतात. कोणता भरलेला होता आणि कोणता नव्हता, हे मग कोणालाच सांगता येत नाही. डिस्कचे तसे नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर शून्य आणि एक हे चुंबकत्वाच्या दिशेने लिहिलेले असतात आणि चुंबकाला टिकून राहायला वीज लागत नाही.

यावर शाळेने यू.पी.एस. घेतला. त्यातली बॅटरी १२ व्होल्टची आणि ७ अँपिअर-तासांची होती. आम्ही फळ्यावर गणित मांडले: १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-तास. काचेच्या नळीचा पडदा धरून संगणक दीडशे वॅट घेतो असे मानले, तर अर्ध्या तासाहून थोडे अधिक मिळायला हवे. प्रत्यक्षात बारा-पंधरा मिनिटे मिळत. गणित चुकले नव्हते. सात अँपिअर-तास हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिती केली तरचा असतो. भराभर उपसली की तेवढी वीज हाती येत नाही आणि शिवाय १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. पण सेव्ह करायला एक मिनिट पुरते. यू.पी.एस. काम चालू ठेवण्यासाठी नसतो, पाटीवरचे वहीत उतरवायला उसंत मिळावी म्हणून असतो. हे न कळल्याने गावात कित्येक जण त्यावर चित्रपट पाहत आणि दोन वर्षांत बॅटरी मेली म्हणून कुरकुरत.

बाई परत आल्या त्या एक नियम घेऊन. दहा ओळी झाल्या की कंट्रोल आणि एस या दोन कळा. आता बऱ्याच कार्यक्रमांत मजकूर आपोआप जपण्याची सोय असते आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. तरी बाईंचा डावा हात दहाव्या ओळीला आपोआप तिकडे जातो.

तीन मुरुड

'फाइल कुठे गेली?' हा नवशिक्याचा दुसरा मोठा प्रश्न. सेव्ह केले हे नक्की, पण सापडत नाही. हे समजावताना आमच्या गावाचे नावच आमच्या उपयोगी पडले.

मुरुड म्हटले की बाहेरच्या माणसाला जंजिरा आठवतो. आमचे मुरुड समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, लातूर-बार्शी रस्त्यावर आहे. जंजिऱ्याजवळचे मुरुड रायगड जिल्ह्यात. आणखी एक मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ आहे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तिन्ही गावे एकाच नावाने सुखाने नांदतात, कारण पत्ता लिहिताना आपण तालुका आणि जिल्हाही लिहितो. संगणकातला फोल्डर म्हणजे असा जिल्हा, त्यातला फोल्डर म्हणजे तालुका आणि फाइल म्हणजे गाव. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, पण वेगवेगळ्या फोल्डरांत खुशाल राहतात. 'सहामाही' नावाची फाइल नववी-अ मध्येही असू शकते आणि नववी-ब मध्येही. म्हणून संगणकाने 'कुठे ठेवू?' असे विचारले की घाईने होय म्हणू नये. तो जिल्हा विचारत असतो.

हा दृष्टान्त आणखी पुढे नेता येतो. लातूर तालुका पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात होता. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि मुरुड त्यात आले. त्या दिवशी गावातले एकही घर जागचे हलले नाही. हलली ती सरकारी दप्तरातली नोंद. एकाच डिस्कवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवतो, तेव्हा नेमके हेच होते. फाइल कितीही मोठी असली तरी काम क्षणात उरकते, कारण मजकूर जिथल्या तिथे राहतो आणि फक्त नोंद बदलते. मात्र डिस्कवरून पेनड्राइव्हवर फाइल न्यायची तर मजकूर खरोखरच उचलून न्यावा लागतो आणि वेळ लागतो. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, ते फोल्डरचे नाव बदलण्यासारखे. आतली गावे होती तशीच राहिली.

फाइल पुसणे म्हणजेही बहुधा नोंदच काढणे असते. पहिल्या वेळी तर ती फक्त कचरापेटीच्या फोल्डरमध्ये जाते आणि तिथून परत आणता येते. कचरापेटीही रिकामी केली तरी जुन्या चुंबकी डिस्कवरचा मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून असतो. म्हणून चुकून पुसले तर घाबरून आणखी दहा गोष्टी करू नयेत. हात बाजूला घ्यावा आणि जाणकाराला बोलवावे. नव्या, चुंबक नसलेल्या डिस्कवर हा दिलासा बहुतेक वेळा मिळत नाही. तिथे पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर साफ करून टाकते.

थोडे मागे वळून

घरी संगणक ही कल्पना आपल्याकडे एम.एस.-सी.आय.टी.च्या बरीच आधीची आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने इंग्लंडच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती बाजारात आणली होती. त्याला स्वतंत्र पडदा नव्हता, घरचा टी.व्ही. जोडायचा. डिस्कही नव्हती, त्याची वही म्हणजे गाण्यांची असते तशी कॅसेट. शून्य आणि एक हे दोन वेगळ्या लांबीच्या किरकिरत्या आवाजांत टेपवर साठवले जात आणि कार्यक्रम चढायला मिनिटे लागत. त्याची स्मृती होती ४८ किलोबाइट. केंद्र सरकारच्या 'क्लास' या योजनेतून १९८४ पासून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत प्रयोग म्हणून गेलेले बी.बी.सी. मायक्रो हे संगणकही त्याच जातीचे. हे दोन्ही सुरू केले की पडद्यावर चित्रे येत नसत, लुकलुकणारी एक खूण येई आणि यंत्र वाट पाही. सांगितल्याशिवाय ते काही करत नसे. त्यामुळे ज्यांनी ते वापरले त्यांना आतले बरेच काही शिकावेच लागले. चित्रांच्या संगणकाने काम सोपे केले आणि आतले झाकून टाकले. यात फायदा जास्त की तोटा, यावर आमच्यात आजही एकमत नाही.

१९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवून दिला आणि वस्तीतली मुले शिक्षकाशिवाय तो हाताळायला शिकली, हा प्रयोग पुष्कळांनी ऐकलेला असेल. नंतर तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही झाला. त्याच्या निष्कर्षांवर वाद आहेत. पण आमच्या अनुभवाशी त्यातली एक गोष्ट जुळते. मुले कळा दाबून पाहतात, चुकतात, हसतात आणि पुन्हा दाबतात. मोठा माणूस, त्यातही शिक्षक, चुकायला भितो, कारण मागे विद्यार्थी उभे असतात. आम्ही शेवटी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दार आतून लावून शिकलो. खरे सांगायचे तर आमची प्रगती दार लावल्यानंतरचीच आहे.

मुरुड म्हणजे पंधरा बाइट

मराठी टाइप करणे हा इथला सगळ्यांत समृद्ध भाग आणि इथेच सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तेव्हापासून तिच्यात देवनागरी आहे. तिची मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या संकेतावरून घेतलेली आहे. त्यानुसार 'मुरुड' हा शब्द संगणकात असा असतो: २३५०, २३६९, २३५२, २३६९, २३३७. म्हणजे म, उकार, र, उकार, ड. आपल्याला अक्षरे तीन दिसतात, संगणकाकडे क्रमांक पाच असतात. साठवताना सर्वसाधारण पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा. नोटपॅडमध्ये फक्त मुरुड एवढेच टाइप करून फाइल जपा आणि तिचे गुणधर्म पाहा. आकार १५ बाइट दिसेल. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर ५. या हिशेबाने तुम्ही वाचत असलेल्या या एका लेखाने त्या पुण्याच्या स्पेक्ट्रमची सगळी स्मृती जवळजवळ भरून जाईल.

मुलांना आवडणारा आणखी एक प्रयोग. 'शिक्षक' टाइप करा आणि मागे पुसण्याची कळ एकेकदा दाबत जा. आधी शेवटचा क जातो. मग क्ष एकदम जात नाही. त्यातला ष जातो आणि पाय मोडलेला क् उरतो. पुन्हा दाबले की हलन्ताची खूण जाते आणि पूर्ण क दिसतो. मग तो, मग वेलांटी, शेवटी श. सहा वेळा कळ दाबावी लागते, कारण आत सहाच क्रमांक होते. जोडाक्षर कसे बनते हे याहून सोप्या रीतीने आम्हाला फळ्यावर कधी दाखवता आले नव्हते.

यात वेलांटीचा क्रम लक्षात आला का? पहिली वेलांटी आपण लिहिताना अक्षराच्या आधी काढतो, पण म्हणताना आधी श म्हणतो आणि मग इ. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो. १९८६ मध्ये सरकारने ठरवलेला इन्स्क्रिप्ट कळफलकही तसाच आहे. त्यात स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एका कळीवर, त आणि थ एका कळीवर. महाप्राणासाठी शिफ्ट. ज्याला बाराखडी येते त्याला हा कळफलक आठवडाभरात बसतो. विंडोजमधला मराठी कळफलक हाच आहे, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत हल्ली फोनमुळे रूढ झाली आहे आणि तीही चालते. तरी शिक्षकांनी एकदा इन्स्क्रिप्ट शिकावाच, असे आमचे ठाम मत आहे, कारण मराठीचा विचार त्यात मराठीतूनच होतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. या दोन शब्दांतला फरक करणारा तो दुसरा र त्यात शिफ्ट धरून थेट मिळतो. पुढे हलन्त आणि य.

बाईंच्या ओव्या

२००३ च्या सुमाराला, म्हणजे संगणकवर्गाच्याही आधी, बाईंनी आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. चारशेच्या वर भरल्या. पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या पुढे जाते. त्यापुढे या चारशे म्हणजे काहीच नाहीत, पण त्या एका बाईच्या तोंडच्या होत्या. लातूरला एका टायपिंगवाल्याकडून त्यांनी त्या टाइप करून घेतल्या. छापील प्रती नातेवाइकांत वाटल्या, हस्तलिखित एका पावसाळ्यात भिजून गेले. उरली ती सीडी. निवृत्तीनंतर बाईंनी लॅपटॉप घेतला, सीडी उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता चिखल.

फाइल खराब झालेली नव्हती. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी मराठी टाइप करण्याची युक्ती वेगळी होती. एका बाइटमध्ये २५६ क्रमांक मावतात आणि ते रोमन अक्षरांना व इतर खुणांना दिलेले असतात. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार. फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरांचेच क्रमांक असत, तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख घाली, एवढेच. फॉन्ट नसला की पोशाख उतरतो. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा पोशाख दुसऱ्याला बसत नाही. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका एका शाळेतून दुसरीत पाठवताना याचा त्रास ज्यांनी भोगला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कार्यक्रम आता मिळतात. फॉन्टचे नाव तेवढे ठाऊक हवे. ते एका छापील प्रतीवरून अक्षरांचे वळण ताडून शोधावे लागले, त्यात दोन शनिवार गेले. मग ओव्या एकदम उजेडात आल्या. पण सगळ्या नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये रफार दिसतो त्या जागी, म्हणजे अक्षर पूर्ण झाल्यावर टाइप करत. 'मूर्ती' मध्ये म, ऊकार, त, दीर्घ वेलांटी आणि शेवटी रफार. युनिकोडला तो उच्चाराच्या जागी, त च्या आधी हवा. बदलणाऱ्या कार्यक्रमाने रफार अख्ख्या अक्षराच्या मागे न नेता एकच पाऊल मागे नेला, तर वेलांटी एकटी पडते आणि तिच्याजवळ टिंबांचे वर्तुळ दिसते. अशा जागा आम्ही एकेक करून दुरुस्त केल्या. तीन दुपारी बाई वाचत होत्या आणि आमच्यातला एक जण टाइप करत होता.

जिथे मूळ टायपिंगच चुकलेले होते, तिथे मात्र यंत्राचा इलाज नव्हता. अकरा ओव्यांत एकेक शब्द असा आहे की तो कोणता हे नक्की सांगता येत नाही. बाईंची आई आता नाही. बाईंनी त्या शब्दांच्या जागा मोकळ्या ठेवून फाइल तीन ठिकाणी जपली आहे: लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि पुण्याच्या भाचीकडे. फोल्डरला नाव दिले आहे 'आई', आणि त्याच्या आत 'मुरुड'. पुढच्या महिन्यात त्या मावशीकडे बार्शीला जाणार आहेत. मावशी नव्वदीच्या आहेत, पण ओव्या त्यांना अजून येतात.